धोरणाचे माप आणि कोकणची वाडी

विकसनशील देशाच्या शिक्षण व आरोग्य धोरणाचा विचार आपल्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा टक्क्यांच्या भाषेत केलेला असतो. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविले. १९६८ च्या धोरणाने ते उद्दिष्ट मानले, १९८६ च्या धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला आणि २०२० च्या धोरणातही तोच सहाचा आकडा आहे. आरोग्याच्या बाबतीत २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. दोन्ही उद्दिष्टे गाठली गेली नाहीत. परीक्षेत प्रश्न आला की आपण हे आकडे लिहितो, पैसा अपुरा आहे असा निष्कर्ष काढतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

पैसा अपुरा आहे यात वाद नाही. परंतु प्रस्तुत लेखात मला दुसऱ्याच एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. जो काही थोडाफार पैसा मंजूर होतो तो कोणत्या गावात, कोणत्या वाडीत उतरावयाचा, हे कशावरून ठरते? ते ठरते मापावरून. किती डोक्यांमागे एक उपकेंद्र, किती अंतरावर एक शाळा, किती पटाला एक शिक्षक, ही ती मापे होत. धोरणाची भाषा उदात्त असते. मापाची भाषा कोरडी असते, आणि म्हणून तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. लोटे आणि त्याच्या आसपासची गावे डोळ्यांसमोर ठेवली तर हे माप कोठे बसते आणि कोठे बसत नाही ते चांगले दिसते.

मापाचा प्रश्न जुना आहे आणि त्याचे एक मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विधेयक अत्यंत सावध होते. सक्ती सर्वत्र नव्हे, तर ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीपासूनच शाळेत जात असतील त्याच भागात, आणि तीही स्थानिक संस्थेची इच्छा असल्यास करावयाची होती. इतके सावध असूनही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. या पराभवाबद्दल आपण हळहळतो, ते योग्यच आहे. परंतु विधेयकातील अटीकडेही पाहावयास हवे. जेथे मुले आधीच शाळेत आहेत तेथे शाळा सक्तीची; जेथे ती नाहीत तेथे थांबावे. ज्याच्याकडे काही आहे त्याला आणखी द्यावे, असे ते माप होते. तत्कालीन सरकारकडून काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी गोखल्यांना ही अट घालावी लागली असावी. पुढे १९१७ साली कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि त्याआधीच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्ती लागू केली होती. संस्थानिकांना जे जमले ते ब्रिटिश हिंदुस्थानात जमले नाही, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

आरोग्याच्या मापाचा आरंभ भोर समितीपासून धरावा लागेल. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर या समितीचे अध्यक्ष होते. १९४६ साली सादर झालेल्या अहवालात दोन मापे होती. दूरची योजना अशी की दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंच्याहत्तर खाटांचे रुग्णालय असलेले केंद्र असावे. तोपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेबरोबर ही केंद्रे उघडू लागली. दूरची योजना कागदावरच राहिली. तात्पुरती सोय मात्र थोड्याफार फरकाने कायमची झाली. पुढे ठरलेले माप असे: सपाट प्रदेशात तीस हजार लोकवस्तीमागे व डोंगराळ अथवा आदिवासी प्रदेशात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रासाठी अनुक्रमे पाच हजार व तीन हजार.

शाळेचे माप कोठारी आयोगाने मैलांत सांगितले होते: प्राथमिक शाळा घरापासून एक मैलाच्या आत, उच्च प्राथमिक शाळा एक ते तीन मैलांच्या आत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला तेव्हा मैलांचे किलोमीटर झाले. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर आले, आणि त्याबरोबरच किमान वीस मुले उपलब्ध असण्याची अटही आली. अंतर आणि डोकी अशी ही दुहेरी अट आहे. या लेखाचा सारा भार तिच्यावरच आहे, म्हणून वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मराठी गृहस्थ होते. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांनी काम केले होते. शिक्षणाचा हा अभ्यासक आयुष्याच्या अखेरीस आरोग्याकडे वळला. समाजशास्त्र व वैद्यकीय संशोधन या दोन्ही क्षेत्रांतील राष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त अभ्यासगटाने 'सर्वांसाठी आरोग्य' या विषयावर जो अहवाल तयार केला, त्यामागे नाईकांची प्रेरणा होती आणि तो पुण्याच्या त्यांच्याच संस्थेने १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. १९७८ च्या अल्मा आटा परिषदेनंतर जगभर असे अहवाल निघत होते. परंतु ज्या माणसाने शाळेचे अंतर ठरविण्यात भाग घेतला त्यालाच दवाखान्याचा प्रश्न त्याच प्रश्नाचा दुसरा भाग वाटावा, हे मला अतिशय बोलके वाटते. दुर्दैवाने आपल्याकडे दोन्ही विषय दोन खात्यांत, दोन फायलींत व दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या टेबलांवर राहिले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र दोन्ही त्यांच्याकडे आली. परंतु तेथेही शिक्षण समिती वेगळी आणि आरोग्य समिती वेगळी.

आता हे माप घेऊन कोकणात यावे. देशावरचे गाव पांढरीत एकवटलेले असते. मधोमध चावडी, देऊळ, शाळा, शेते बाहेर. तेथे गावापासून शाळा एक किलोमीटर म्हटले की अर्थ स्पष्ट होतो. आपल्याकडे महसुली गाव हे बहुधा नुसते नाव असते. लोक राहतात वाडीत: बौद्धवाडी, गवळवाडी, भोईवाडी, धनगरवाडी आणि भावकीच्या नावांच्या कितीतरी वाड्या. एक वाडी डोंगराच्या या कुशीत तर दुसरी पऱ्याच्या पलीकडे. धनगरवाडी तर बहुतेक ठिकाणी माथ्यावर असते. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर पाऊण किलोमीटर भरते. उन्हाळ्यात ते खरेही असते. मृग लागल्यावर पऱ्या भरतो, साकव असला तर ठीक, नसला तर वळसा घालावा लागतो. आणि सहा वर्षांचे मूल त्या वळशाने एकटे जात नाही. जून ते सप्टेंबर म्हणजे शाळेच्या वर्षातील मोठा काळ. ज्या अंतरात हा काळ धरलेलाच नाही ते अंतर अर्धवट मोजलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अंतर म्हणजे काय हे या भागातील मागच्या पिढ्यांना चांगले माहीत होते. याच खेड तालुक्यातील शेरवली येथे १८५८ मध्ये जन्मलेले महर्षी कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत ऐन पावसात पायी गेले, आणि तेथे वय लहान दिसते या कारणाने त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ही हकीकत जिद्दीचे उदाहरण म्हणून शाळेत सांगितली जाते. ती शैक्षणिक सोयीच्या अभावाचेही उदाहरण आहे, याची आठवण मात्र कोणी देत नाही. सगळी मुले कर्वे नसतात, आणि धोरण सगळ्या मुलांसाठी करावयाचे असते.

दुहेरी अटीचा दुसरा भाग डोक्यांचा. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत सुमारे ८२ हजारांची घट! देशाची लोकसंख्या वाढत असताना आपला जिल्हा कमी होत होता. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ उघड आहे. कर्ता पुरुष मुंबईला, मागे म्हातारी माणसे, बाया आणि थोडी मुले. चाकरमान्याने हळूहळू कुटुंबही नेले की मुलेही गेली. पट उतरला. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत घालण्याचा निर्णय जाहीर केला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याविषयी प्रस्ताव मागविण्यात आले. अशा निर्णयांची झळ कोकणाइतकी क्वचितच दुसऱ्या कोठे लागत असेल, कारण वाडीची शाळा ही स्वभावतःच लहान असते.

येथे शिक्षण आणि आरोग्य यांची गाठ पडते. वाडीत सरकारची म्हणून जी इमारत असते ती बहुधा एकच, शाळेची. तेथेच पल्स पोलिओचे डोस पाजले गेले. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात व घटसर्पाची लस, जंताची गोळी, वयात येणाऱ्या मुलींसाठी आठवड्याची लोहाची गोळी, ही सर्व शाळेच्या हजेरीपटावरून दिली जातात. पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांचे हृदय, डोळे, कान, दात तपासते. दुपारचे जेवण तेथेच शिजते. म्हणजे शिक्षण खात्याच्या दप्तरी जी अकरा पटाची तोट्यातील शाळा आहे, तीच आरोग्य खात्याच्या दृष्टीने वाडीतले एकमेव केंद्र आहे. ती बंद करावयाची की नाही हे ठरविताना आरोग्य खात्याला कोणी विचारीत नाही. कारण माप पटाचे आहे, आणि पट हा शिक्षणाचा विषय आहे.

यावर असे म्हटले जाईल की मूल दुसऱ्या शाळेत गेले तर त्याला तेथे जेवण, लस, तपासणी सर्व मिळेल. मिळेल, जर ते रोज गेले तर. मूल अशक्त असेल, पाऊस असेल, वाटेत सोबत नसेल, त्या दिवशी ते घरी राहील. आणि ज्याला जेवणाची व गोळीची गरज अधिक तेच अधिक दिवस घरी राहील.

डोक्यांच्या मापाचा दुसरा दोष लोट्यातच पाहावा. खेडहून चिपळूणकडे जाताना परशुराम घाटाच्या अलीकडे महामार्गाच्या दोन्ही अंगांना लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत आहे. कीटकनाशके, औषधे, रंगद्रव्ये आणि त्यांना लागणारी रसायने येथे तयार होतात. घाणेखुंट, असगणी, आवाशी, पीरलोटे, लवेल ही भोवतालची गावे. कारखान्यांमुळे रोजगार आला, घरे भाड्याने गेली, बाजारपेठ वाढली. लवेल येथे २००७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. हे सर्व मान्य करून पुढचा प्रश्न विचारावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्राचे माप राहत्या लोकसंख्येचे आहे. सकाळी बसने येऊन संध्याकाळी जाणारा कामगार या गणनेत कोठे बसतो? खोलीत सहा-सहा जण राहणारा परप्रांतीय कंत्राटी कामगार कोणत्या गावच्या डोक्यांत धरावयाचा? आणि समजा तोही धरला, तरी वीस हजार शेतकऱ्यांची वस्ती आणि रसायनांच्या टाक्यांशेजारची वीस हजारांची वस्ती या एकाच मापाने मोजाव्यात काय?

प्राथमिक आरोग्य केंद्राचा साचा बाळंतपण, लसीकरण, हिवताप, क्षय, साथीचे रोग यांसाठी घडविलेला आहे, आणि त्या कामी त्याने देशाची मोठी सेवा केली आहे. जळीत कक्ष त्या साच्यात नाही. वायूने घुसमटलेल्या माणसावर उपचार करण्याची विशेष सोय त्यात नाही. कातडीच्या व श्वासाच्या तक्रारींचा कामाशी संबंध जोडून पाहणारा वैद्य नाही. गंमत अशी की भोर समितीने औद्योगिक आरोग्याचा स्वतंत्र विचार १९४६ मध्येच केला होता. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देण्याचे बंधन आले. परंतु ते झाले कारखान्याच्या कुंपणासंबंधी. कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक दवाखान्याचे माप होते तेच राहिले. २० मार्च २०२१ रोजी लोट्यातील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. सरकारी उपजिल्हा रुग्णालये दोन, उत्तरेस कळंबणी आणि दक्षिणेस चिपळूणपलीकडे कामथे. सावर्ड्याजवळ डेरवण येथे धर्मादाय संस्थेचे मोठे रुग्णालय व त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, ही या भागाची मोठीच सोय होय. मात्र कामथे व डेरवण दोन्ही वाशिष्ठीच्या पलीकडे. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले, वाशिष्ठीवरील पुलाचा भाग खचला आणि महामार्ग बंद पडला. पुढच्याच वर्षी परशुराम घाट रुंदीकरणाच्या कामासाठी व दरडींसाठी वेळोवेळी बंद ठेवावा लागला. अंतराच्या तक्त्यात या दिवसांसाठी रकाना नाही.

दाभोळ खाडीचे उदाहरण तर या मापात येतच नाही. वसाहतीचे सांडपाणी प्रक्रिया करून खाडीकडे सोडले जाते. पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात लोट्याची स्वतंत्र दखल घेतली. ती प्रक्रिया अपुरी पडत असल्याचे, मासळी घटल्याचे, आणि मिळालेल्या रोजगारापेक्षा गेलेला रोजगार मोठा असल्याचे मच्छीमारांचे म्हणणे त्यात आले आहे. ज्या भोईवाडीत मासळी कमी येते तेथे मुलाच्या ताटातील प्रथिने कमी होतात. हा विषय प्रदूषणाचा, पोषणाचा की शाळेतील जेवणाचा? तीन खाती, तीन फायली!

दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके लेखण्याचा माझा हेतू नाही. अकरा मुलांची शाळा खर्चिक असते. एकशिक्षकी शाळेत एकाच गुरुजींनी चार इयत्ता शिकवावयाच्या, खिचडीचा हिशेब ठेवावयाचा, जनगणना व निवडणुकीचे काम करावयाचे; अशा शाळेत मूल किती शिकते हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या शाळेत सोबती मिळतात, खेळ मिळतात. माणसे विखुरलेली असतील तर सोय त्यांच्यापर्यंत नेण्यापेक्षा माणसेच सोयीपाशी आणावीत, हा विचार एका विकसनशील देशाने प्रत्यक्ष करून पाहिला आहे. टांझानियात ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ च्या अरुशा घोषणेनंतर 'उजामा' गावांची कल्पना मांडली. तेथेही शेतकरी आपल्या वाड्यांप्रमाणेच विखुरलेले राहत. प्रथम ऐच्छिक असलेले स्थलांतर १९७३ नंतर सक्तीचे झाले आणि लाखो लोक नव्या गावांत आणले गेले. शाळा व दवाखाने वाढले, १९७७ मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची मोहीम निघाली, ही जमेची बाजू. परंतु माणसे शेतांपासून दूर गेली, शेती खालावली आणि सक्तीचा कडवटपणा मागे राहिला. माप टिकविण्यासाठी माणसे हलवावी लागली. याउलट श्रीलंकेने १९२६ च्या कळुतरा आरोग्य केंद्रापासून पुढे आणि १९४५ च्या मोफत शिक्षणापासून पुढे विखुरलेल्या खेड्यांतच लहान लहान सोयी नेल्या. 

आणि आपल्या राज्यालाही हे माप बदलता येत नाही असे नाही. २००० नंतर महाराष्ट्रात वस्तीशाळा निघाल्या त्या वस्ती हेच एकक मानून. अल्प मानधनावर काम करणाऱ्या स्थानिक तरुणतरुणींनी त्या चालविल्या. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्तीचे माप हजार लोकवस्तीमागे एक असे असले, तरी डोंगराळ व आदिवासी भागात ते सैल करून वस्तीमागे एक नेमण्याची मुभा ठेवली. महाराष्ट्राचाही असा अनुभव आहे. अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील, पुष्कळदा निरक्षर, बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातील स्त्रीलाच घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्यास शिकविले. तेथे १९९३ ते १९९५ मध्ये हजारी ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत २५ वर आले. रुग्णालय बांधून नव्हे, उंबरठ्यापर्यंत ज्ञान नेऊन. ही आरोग्याची कामे, पण त्यांचा गाभा शिक्षणाचा आहे.

आशाताई वाडीत आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. तिच्यापुढे अडचण येते ती रात्री. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फोन केल्यावर निघते, परंतु ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. तेथपर्यंत बाळंतिणीला डोलीतून आणावयाचे तर चार खांदे हवेत, आणि खांदेकरी बदलावयाला आणखी चार. चाकरमान्यांच्या वाडीत गणपती व शिमगा सोडला तर इतके खांदे नसतात. एक हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया या आकड्याचा हाही एक अर्थ आहे. लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकात तो सापडणार नाही.

मग माप कसे असावे? माझ्या मते तीन गोष्टी बदलता येतील. अंतर किलोमीटरऐवजी पावसाळ्यातील चालण्याच्या वेळेत मोजावे, तेही सहा वर्षांच्या मुलाच्या व दिवस भरलेल्या बाईच्या चालीने. शाळा बंद करण्याच्या प्रस्तावावर तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. औद्योगिक वसाहतीलगतच्या आरोग्य केंद्रासाठी राहत्या लोकसंख्येबरोबर दिवसाची लोकसंख्या व तेथील धोका धरावा. यातील पहिल्या दोन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. तिसरीला लागेल, आणि वसाहतीतून सरकारला मिळणाऱ्या महसुलाकडे पाहता तो अवाजवी म्हणता येणार नाही.

पहिल्या गोष्टीचा आरंभ आपल्या महाविद्यालयांनाही करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. बंधारे आणि स्वच्छता ही त्यांची ठरलेली कामे. एखाद्या वर्षी जुलैत दोन-दोन विद्यार्थ्यांनी एकेक वाडी घ्यावी. वाडीतील शेवटच्या घरापासून शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि रुग्णवाहिका उभी राहू शकेल ती जागा, अशा चार ठिकाणी स्थानिक मुलाबरोबर चालत जावे आणि घड्याळ पाहून वेळ लिहावी. कोठे साकव आहे, कोठे नाही, पाणी गुडघ्यापर्यंत होते की कमरेपर्यंत, वाटेत फोन लागतो का, वाडीत त्या दिवशी किती बाप्ये माणसे होती, हेही लिहावे. त्या कागदाच्या दोन प्रती काढाव्यात. एक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि दुसरी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावी, आणि दोघांनाही कळवावे की हाच कागद दुसऱ्या कार्यालयातही दिलेला आहे.